१९४७ ते ५५ ची शेवरोले पिकअप: साल नेमकं कसं ओळखायचं

आधीच सांगून टाकतो, साल ओळखताना दारावर विश्वास ठेवायचा नाही. मी ठेवला होता. एका फोटोतल्या हिरव्या पिकअपच्या दाराला पुढच्या बाजूने तिकोनी काच दिसली आणि मी छातीठोकपणे "१९५१" म्हणून मोकळा झालो. मालकाने काही वाद घातला नाही, फक्त दाराच्या खांबावरच्या गाडीच्या नंबरच्या पट्टीचा फोटो पाठवला, गाडी १९४९ ची. दारं नंतर कधीतरी दुसऱ्या गाडीची काढून लावलेली. आणि ह्यात नवल काहीच नाही, ह्या गाड्या अमेरिकेत शेतावर, बांधकामावर, दुकानाच्या मालासाठी वीस वीस तीस तीस वर्षं राबल्या, दार सडलं की भंगारातल्या गाडीचं दार, इंजिन बसलं की दुसरं इंजिन, कोण बघत बसलंय कुठल्या सालचं आहे ते, बसलं ना मग झालं. त्यामुळे आज जी गाडी समोर दिसते ती बऱ्याचदा दोन तीन गाड्यांची मिळून झालेली असते.

म्हणून माझी पद्धत अशी की एका खुणेवर साल सांगायचंच नाही. तीन वेगवेगळ्या जागच्या खुणा बघायच्या, एक केबिनची, एक हौद्याची, एक इंजिनची, आणि तिन्ही जुळल्या तर प्रश्न मिटला. नाही जुळल्या तर जी गोष्ट बदलायला सगळ्यात जास्त त्रासाची तिचं ऐकायचं. बॅज दोन मिनिटांत बदलतो, दार अर्ध्या तासात, हौदा एका दिवसात, पण केबिनचा मूळ पत्रा कापून जोडायला माणूस खरंच हौशी पाहिजे.

आता आधी ही तीच गाडी आहे ना ते बघू, कारण इथेच अर्धे लोक चुकतात.

शेवरोलेची ही पिकअप २८ जून १९४७ ला बाजारात आली, नाव ॲडव्हान्स डिझाइन. त्याच्या आधी जे विकलं जात होतं ते युद्धाच्या आधीचंच, १९४१ चं रूप. युद्ध संपल्यावर लगेच नवीन गाडी काढायला जनरल मोटर्सला, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीला, जमलं नाही कारण नोव्हेंबर १९४५ पासून मार्च १९४६ पर्यंत त्यांच्याकडे ११३ दिवसांचा संप होता आणि वर पोलादाची टंचाई. गंमत म्हणजे मग जेव्हा नवीन बॉडी आली तेव्हा ती आधी कारला नाही, ट्रकला आली, शेवरोलेच्या कारचं नवीन रूप यायला १९४९ उजाडलं. तोपर्यंत नवी ट्रक आणि जुनाट दिसणारी कार एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असणार, मला तर हे चित्रच फार आवडतं.

ओळख अशी: पुढे पाच आडव्या जाड पट्ट्यांची ग्रिल, एकावर एक. हेडलाइट मडगार्डमध्ये रुतवलेले, ग्रिलपासून लांब, दोन टोकांना. बॉनेट गोलसर आणि पुढून वर उघडणारं. पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये उभी पट्टी. केबिन आधीच्यापेक्षा रुंद, तीन माणसं बसतील अशी सलग सीट, आणि बाहेरची हवा आत खेचून गरम करून देणारा हीटर जादा पैसे देऊन मिळायचा, त्यावरून जाहिरातीत "श्वास घेणारी केबिन" असं म्हणायचे.

फोर्डशी गल्लत होते कारण फोर्डची एफ वन पण त्याच काळातली, १९४८ पासूनची, आणि तिच्या १९४८ ते ५० च्या ग्रिललाही पाच आडव्या पट्ट्याच. पण फोर्डमध्ये हेडलाइट त्या ग्रिलच्याच खोलगट खणात, पट्ट्यांच्या दोन बाजूंना बसवलेले असतात, शेवरोलेसारखे बाहेर मडगार्डमध्ये नाहीत. एकदा हा फरक डोळ्यात बसला की मग लांबून पण कळतं. दुसरी गल्लत जीएमसीशी, जनरल मोटर्सचीच दुसऱ्या नावाची ट्रक, ती तर सख्खी बहीणच, केबिन तीच, पण ग्रिल वेगळी, बॉनेटवर जीएमसी लिहिलेलं आणि आत २२८ क्युबिक इंचाचं स्वतःचं इंजिन. पुढे सांगतोय ते बॅज आणि नंबर जीएमसीला लावू नका, तिचं गणित वेगळं आहे.

बरं. पहिला प्रश्न, पुढची काच. दोन तुकड्यांची सपाट काच असेल तर केबिन १९४७ ते ५३ मधली. एकच सलग, थोडी वळलेली काच असेल तर १९५४ किंवा ५५ चा पहिला भाग. ही खूण मी सगळ्यात वर ठेवतो, कारण काच बदलायची तर चौकटच बदलायला लागते.

समजा काच दोन तुकड्यांची आहे. आता सात वर्षांतलं एक शोधायचंय.

पेट्रोल भरायचं तोंड कुठे आहे ते बघा. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये टाकी हौद्याच्या खाली होती आणि तोंड हौद्याच्या उजव्या बाजूला. १९४९ मध्ये मधेच कधीतरी टाकी उचलून केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी ठेवली आणि तोंड आलं उजव्या दाराच्या कडीच्या मागे, केबिनच्या पत्र्यावर. म्हणजे ४९ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. केबिनच्या पत्र्याला भोक असेल तर गाडी, किंवा निदान केबिन, ४९ च्या मधल्या काळाच्या आधीची नाही. सीटच्या मागे पेट्रोलची टाकी घेऊन सिगरेट ओढत गाडी चालवणारे लोक होते ते, आज अंगावर काटा येतो. पण इथे एक फसवणूक आहे, आता खूप जण सुरक्षेसाठी टाकी काढून परत खाली चासीवर नेतात आणि ते भोक वेल्डिंग करून बुजवतात. तर पत्र्यावर नुसतं तोंड दिसत नाही म्हणून लगेच ४८ म्हणायचं नाही, बोट फिरवून बघा, जमलं तर सीटच्या मागून आतली बाजू बघा, बाहेरून कितीही छान घासलं तरी आतून वेल्ड लपत नाही.

आता दारं, म्हणजे ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही ती. पण माहिती तर पाहिजे. १९५० पर्यंत दाराला तिकोनी काच नाही, एकच सलग काच खाली वर होते. १९५१ ला तिकोनी काच आली. १९५२ ला बाहेरची कडी बदलली, आधी खाली फिरवायची कडी होती, ५२ पासून अंगठ्याने दाबायचं बटण आलं. म्हणजे तिकोनी काच आहे पण कडी फिरवायची, असं दार फक्त एकाच वर्षाचं, १९५१ चं. हे एवढं लक्षात ठेवलं तरी लोक तुमच्याकडे आदराने बघायला लागतात, मग मी सुरुवातीला सांगितली तशी फजिती होते ती वेगळी गोष्ट.

ती फजिती टाळायचा उपाय त्याच गाडीत माझ्या नाकासमोर होता. १९५० पर्यंतच्या केबिनला ड्रायव्हरच्या बाजूला, दाराच्या पुढे, पायाजवळच्या पत्र्यात हवा आत यायला एक छोटी झडप असते. ५१ ला दारातच तिकोनी काच आली, ती फिरवली की वारा आत, मग त्या झडपेची गरज उरली नाही आणि ती गेली. आता बघा, झडप केबिनच्या अंगातच आहे, दार बदललं तरी ती राहते. तिकोनी काच पण आहे आणि पत्र्यात झडप पण आहे? दारं नंतरची आहेत, डोळे झाकून सांगा.

आत डोकावता आलं तर स्पीडोमीटर बघा. जुना ८० मैलांपर्यंतचा, नवा ९० पर्यंतचा. हा बदल १९५० च्या शेवटापासून ५२ पर्यंत असा हळूहळू झालेला आहे त्यामुळे हा आकडा मी फक्त आधाराला घेतो, साल ठरवायला नाही. त्यापेक्षा क्रोम बघायला मजा येते. जून १९५० ला कोरियाचं युद्ध सुरू झालं, निकेल आणि तांबं सैन्याकडे वळवलं गेलं आणि चकचकीत मुलामा करायला माल मिळेना. त्याचा परिणाम थेट पिकअपच्या डॅशबोर्डवर, ५२ ला क्रोमच्या जागी रंग आला, आणि काच खाली वर करायच्या हँडलचे आणि वायपरचे गोळे आधी क्रोमचे होते ते त्याच वर्षी मधेच मरून रंगाचे झाले. म्हणजे त्या गाडीतला मरून गोळा हा एक प्रकारे युद्धाचा कागद आहे. हल्ली कोणी अशी गाडी नवी करायला घेतली की पहिलं काम म्हणजे सगळीकडे क्रोम चढवतात, अगदी मुळात कधीच नव्हतं तिथे सुद्धा. ५२ ची गाडी आरशासारखी चमकत असेल तर सुंदर दिसते ह्यात वाद नाही, पण ती तशी कारखान्यातून निघालेली नाही.

गिअरचा दांडा. १९४७ मध्ये तो जमिनीतून वर येणारा, ४८ पासून तीन गिअरवाल्या गाड्यांत स्टेअरिंगच्या खांबावर गेला. पण चार गिअरचा बॉक्स घेतला असेल तर दांडा नंतरही जमिनीतच, त्यामुळे "दांडा खाली, म्हणजे ४७" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आणि ती प्रसिद्ध मागच्या कोपऱ्यातली काच! केबिनच्या मागच्या दोन कोपऱ्यांत वळलेल्या काचा असलेल्या गाडीला फाइव्ह विंडो म्हणतात, दारांच्या दोन, मागची एक आणि कोपऱ्यांच्या दोन. कोपऱ्यात काच नसेल तर थ्री विंडो. फाइव्ह विंडोला आज जास्त मागणी आहे, दिसतात पण देखण्या. पण हा सालाचा फरकच नाही, डिलक्स केबिन घेतली की कोपऱ्यांच्या काचा मिळायच्या, ४७ ला पण आणि ५५ ला पण. "फाइव्ह विंडो म्हणजे अमुक साल" असं मी इतक्या वेळा ऐकलंय की आता दुरुस्त करायचं पण सोडून दिलंय.

बॅज बघायचे तर बॉनेटच्या दोन बाजूंना बघा. ४७, ४८ ला शेवरोले आणि त्याच्या खाली थ्रिफ्टमास्टर, मोठ्या ट्रकला लोडमास्टर. ४९ पासून शेवरोलेच्या खाली आकडा, ३१०० म्हणजे अर्ध्या टनाची, म्हणजे तेवढा माल वाहणाऱ्या वर्गातली, ३६०० पाऊण टनाची, ३८०० एक टनाची. ५२ च्या मध्यात आकडा निघाला. ५३ ला उलटं, शेवरोले हे नाव गेलं आणि नुसता मोठा आकडा राहिला. ५५ ला पंखासारखा नवा बॅज. पण हे सगळे बॅज आज नवीन बनवून मिळतात, बॉनेटला आतून नट लावून बसवायचे असतात, तेव्हा बॅजवरून साल सांगणं म्हणजे शर्टावरून माणसाचं वय सांगणं.

आकड्याबद्दल एक, गाडी खरंच ३१०० आहे का हे बघायला बॅजपेक्षा चाक बघा. अर्ध्या टनाच्या चाकाला सहा नट, पाऊण आणि एक टनाच्या चाकाला आठ. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर ३१०० मध्ये ११६ इंच, ३६०० मध्ये सव्वाशेच्या किंचित वर आणि ३८०० मध्ये १३७. टेप लावली की झालं. लांब गाडीवर ३१०० चा बॅज लावलेला मी पाहिलाय, कारण तोच जास्त लोकांना माहीत असतो.

हौद्याकडे येऊ. तळाला लाकडी फळ्या आणि त्यांच्या मधून लोखंडी पट्ट्या. ५१ च्या मध्यापर्यंत नऊ फळ्या, नंतर आठ. फळ्या बदललेल्या असतात, साठ सत्तर वर्षांत लाकूड टिकत नाहीच, पण लाकूड बदलणारा माणूस सहसा आहे त्याच पट्ट्यांच्या मापाने फळ्या टाकतो त्यामुळे संख्या बऱ्याचदा मूळचीच राहते. हौद्याच्या दोन बाजूंच्या वरच्या कडा बघा, ५३ पर्यंत तिरप्या, ५४ पासून आडव्या सपाट. मागचे लाइट ५३ पर्यंत चौकोनी, ५४ पासून गोल. आणि हो, मागे एकच लाइट दिसला, फक्त डाव्या बाजूला, तर तुटला असं समजू नका, कारखान्यातून एकच यायचा, उजवीकडचा हवा असेल तर जादा पैसे. उलट एकच लाइट असलेली गाडी दिसली की मी जरा थांबतो, तिच्यात बाकीही बरंच मूळचं शिल्लक असायची शक्यता असते.

आता इंजिन, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

ह्या गाड्यांचं इंजिन म्हणजे सरळ सहा सिलेंडरचं, टोपणनाव स्टोव्हबोल्ट, कारण १९२९ ला हा सहा सिलेंडरचा घाट पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे बोल्ट लोकांना घरातल्या लोखंडी शेगडीच्या बोल्टसारखे वाटले. आपल्या पिकअपमध्ये ५३ पर्यंत २१६ क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, ताकद सुरुवातीला ९० हॉर्सपॉवर आणि १९५० पासून ९२. ५४ ला त्याच्या जागी २३५ आलं, ११२ हॉर्सपॉवर.

आकडे सोडा, खरा फरक तेलाचा. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला पंपाने दाबाखाली तेल जात नाही. रॉडच्या तळाला पळीसारखा तुकडा असतो, तो खालच्या पन्हाळीतल्या तेलात बुडतो, तेल उचलतो, उडवतो. आणि बेअरिंग म्हणजे वेगळी वाटी नाही, रॉडमध्येच ओतलेला बॅबिट नावाचा मऊ धातू. सावकाश चालवलं तर हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं, आणि मागचा ॲक्सल ४.११ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारच्या वर फेरे, असल्यामुळे गाडी तशीही सावकाशच, पन्नास मैलांच्या वर नेली की इंजिन ओरडायला लागतं. पण १९५६ पासून अमेरिकेत इंटरस्टेट हायवे बांधायला घेतले, गाड्या तासाला साठ सत्तर मैलांनी पळायला लागल्या आणि शेतावरच्या वेगाला बनवलेली ही पळीवाली इंजिनं त्या वेगाला टिकणारी नव्हतीच. मग लोकांनी काय केलं, ५४ नंतरचं २३५ उचललं आणि जुन्या गाडीत टाकलं, थोडीफार खटपट करून ते बसतं, आणि त्यात सगळीकडे दाबाने तेल जातं. म्हणून ४८ च्या गाडीत २३५ सापडणं हे इतकं नेहमीचं आहे की २१६ सापडलं तर मालकाचं अभिनंदन करावं.

कुठलं इंजिन आहे हे लांबून ओळखायचं तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण, बघा. २१६ चं कव्हर वरून, मधोमध दोन नटांनी धरलेलं. ५४ नंतरच्या २३५ चं कव्हर कडेने चार स्क्रूंनी. शिवाय २१६ च्या बाजूचं पत्र्याचं झाकण उंच असतं, स्पार्क प्लगपर्यंत वर चढलेलं. वेळ असेल तर ब्लॉकवर ओतीव अक्षरात तारीख शोधा, तेल आणि मातीच्या थराखाली असते, चिंधी आणि थोडं रॉकेल लागेल. एक अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. सी, १५, १ असं दिसलं तर १५ मार्च १९५१. शेवटचा आकडाच असल्यामुळे ५१ की ६१ हे तुम्ही इंजिनच्या प्रकारावरून ठरवायचं.

चासीखाली वाकायची तयारी असेल तर अजून दोन गोष्टी. शॉकअप, १९४९ पर्यंत दांडीवाले, १९५० पासून आज असतात तसे नळीचे. आणि ब्रेक, अर्ध्या टनाच्या गाडीला ५० पर्यंत हक नावाचे, ५१ पासून बेंडिक्सचे, जे चाक फिरतानाच्या ओढीने स्वतःला आणखी घट्ट दाबतात. चालवणाऱ्याला हा फरक पायाला कळतो. पण ब्रेक आजच्या डिस्कचे केलेले असतील तर ह्या ओळी विसरा.

सगळ्यात शेवटी पट्टी, मी मुद्दाम शेवटी ठेवली कारण पट्टी आधी वाचली की मग माणूस गाडी नीट बघतच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, बिजागऱ्यांच्या खांबावर छोटी धातूची पट्टी असते, ५२ पर्यंत काळी, ५३ पासून निळी, त्यावर नंबर. ५२ पर्यंतचा नंबर असा वाचायचा: आधी कारखान्याचा आकडा, १ म्हणजे फ्लिंट, ३ सेंट लुइस, ५ कॅन्सस सिटी, २१ जेन्सव्हिल वगैरे. मग सालाचं अक्षर, ई म्हणजे ४७, एफ ४८, जी ४९, एच ५०, मग आय गाळून जे ५१, के ५२. मग पी असेल तर अर्धा टन, आर पाऊण टन, एस एक टन. मग महिन्याचं अक्षर आणि पुढे अनुक्रमांक. म्हणजे ५, जी, पी, ए असं सुरू झालं की कॅन्सस सिटीत जानेवारीत बनलेली ४९ ची अर्ध्या टनाची.

आता सापळा. ५३ पासून पद्धत बदलली. आता पहिलंच अक्षर वजनाच्या वर्गाचं, एच अर्धा टन, जे पाऊण, एल एक टन, आणि त्यापुढे साल सरळ आकड्यात, ५३, ५४, ५५, मग कारखान्याचं अक्षर. म्हणजे एच हे अक्षर ५० च्या गाडीत सालाचं आहे आणि ५३ च्या गाडीत वजनाचं! जे चं पण तेच. एवढंच बघा की नंबर आकड्याने सुरू होतो का अक्षराने. आकड्याने असेल तर जुनी पद्धत, अक्षराने असेल तर नवी. अर्धवट माहितीवर "एच म्हणजे १९५०" म्हणून विकलेल्या ५४ च्या गाडीचा किस्सा ऐकलाय, पण काच बघून तरी कळायला पाहिजे होतं ना.

पट्टी स्क्रूने लावलेली असते, त्यामुळे तीही एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते, आणि कोरी नवी पण मिळते. कागदांचं म्हणाल तर त्या काळात अमेरिकेत बऱ्याच राज्यांत गाडीची नोंद इंजिन नंबरवर व्हायची, मग इंजिन बदललं की नंबर जुळत नाही. काही ठिकाणी गाडी विकली त्या वर्षाची नोंद व्हायची, शोरूममध्ये पडून राहिलेली ४७ ची गाडी कागदावर ४८ ची झाली. तेव्हा कागद आणि पट्टी वेगळं बोलत असतील तर लगेच कोणी लबाडी केली असं समजू नका.

५४ आणि ५५ पटकन संपवतो. ५४ ला ग्रिल बदलली, पाच पट्ट्या गेल्या आणि जाड आडवा उभा क्रॉस आला, लोक त्याला बुलनोज म्हणतात. स्टेअरिंग, डॅशबोर्ड नवीन, हौदा नवीन, इंजिन २३५, आणि हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअर पहिल्यांदाच मागवता यायला लागला. ५५ ची जवळजवळ अशीच, बाहेरून फरक फक्त त्या पंखवाल्या बॅजचा, पण खाली वाकलात तर पक्का पुरावा आहे, अर्ध्या टनाच्या गाडीत ५४ पर्यंत मागे जाणारा शाफ्ट जाड नळीच्या आत बंद असतो, ५५ ला उघडा फिरतो.

आणि मग त्याच ५५ मध्ये, २५ मार्चला, पूर्ण वेगळी गाडी आली, टास्क फोर्स. म्हणून "५५ ची शेवरोले पिकअप" म्हटलं की विचारायचं, कुठली, पहिली का दुसरी? दुसरीची पुढची काच कोपऱ्यापर्यंत वळून बाजूला येते, ग्रिल चौकटीचौकटीची, बॅटरी ६ ऐवजी १२ व्होल्टची, आणि हवं तर २६५ चं व्ही एट, म्हणजे आठ सिलेंडरचं, इंजिन. पहिलीत व्ही एट मिळतच नव्हतं. ५५ ची दुसरी आणि ५६ ची ह्यात पण एक सोपी खूण आहे, मडगार्डवरचा बॅज ५५ ला पत्र्याच्या आडव्या घडीच्या खाली, ५६ ला वर.

त्या हिरव्या गाडीचं राहिलं. पट्टी ४९ ची, पत्र्यातली झडप जागेवर, पेट्रोलचं तोंड केबिनवर, म्हणजे ४९ च्या नंतरच्या भागातली, इथपर्यंत सगळं बरोबर. मग मी मालकाला म्हटलं हौद्याच्या फळ्या मोजून सांग, तर आठ निघाल्या. दारं ५१ ची, हौदा ५१ च्या मध्यानंतरचा. कुठेतरी एका ५१ च्या पिकअपची नुसती केबिन उरली असणार, दारं नाहीत आणि मागे हौदाही नाही.